भरतपूरचा घना : बांधावरून जाणारी सायकलवाट

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की त्यांना ताजमहाल आणि मथुरा-वृंदावन दाखवून आणणे, हे उत्तरेत येऊन स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांचे ठरलेलेच काम. ताज पाहून होतो, पेठ्याचे डबे घेऊन होतात आणि गाडी परतीला लागते. पण आग्र्याहून फत्तेपूर सिक्रीच्या रस्त्याने साधारण ५५ किलोमीटरवर भरतपूर आहे. तिथे आपली पावले क्वचितच वळतात. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या भरतपुरातल्या एका रस्त्याची हकीकत सांगावीशी वाटते.

रस्ता तसा साधाच. केवलादेव राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दारापासून आतल्या केवलादेवाच्या, म्हणजे महादेवाच्या देवळापर्यंत सुमारे ५ किलोमीटरची डांबरी सडक. चढ नाही, उतार नाही. दाराशी सायकली भाड्याने मिळतात. शाळकरी मुले आणि साठी ओलांडलेले आजोबा एकाच वेगाने जाऊ शकतील अशी ही वाट. सुरुवातीला दोन्ही बाजूंना बोरी-बाभळींचे रान आणि गवताळ माळ लागतो. नीलगाय, चितळ सहज दिसतात. पुढे हळूहळू पाणी जवळ येते आणि मग दोन्हीकडे तळी, मधून आपली सायकल! पावसाळा सरताना पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी इतकी दाटीवाटीने असतात की फांद्या वाकतात. हिवाळ्यात दूरदेशीची बदके आणि पट्टकादंब हंस उतरतात. ज्या काळ्या पाणपक्ष्याला आपल्याकडे 'वारकरी' म्हणतात, त्याच्याही दिंड्याच्या दिंड्या तिथे तरंगताना दिसतात. जेमतेम २९ चौरस किलोमीटरच्या या जागेत साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

हे सारे पाहून वाटते, निसर्गाने काय भरभरून दिले आहे! पण खरी गंमत पुढेच आहे. हा निसर्ग माणसाने बांधलेला आहे.

मुळात इथे होता तो एक नैसर्गिक खळगा. गंभीर आणि बाणगंगा या पावसाळी नद्यांचे पूर भरतपूरच्या अंगावर येत. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घातला गेला. त्यामुळे पूर अडला आणि खळग्यात पाणी साठू लागले.

हे सूरजमल आपल्या इतिहासाला परके नाहीत. १७५४ मध्ये भरतपूरजवळच्या कुंभेरच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र आणि अहिल्याबाईंचे पती खंडेराव धारातीर्थी पडले, ते याच सूरजमलांविरुद्धच्या लढाईत. पुढे १७६१ मध्ये पानिपताच्या रणातून वाचलेली आपली माणसे उपाशी, जखमी अवस्थेत दक्षिणेकडे निघाली, तेव्हा त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला तोही याच सूरजमलांनी. भाऊसाहेबांशी झालेला बेबनाव त्यांनी त्या वेळी मनात ठेवला नाही. बाजीराव-मस्तानीचे पुत्र समशेरबहाद्दर यांनी जखमी अवस्थेत याच मुलखात देह ठेवला. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर भरतपूरच्या आश्रयाला असताना इंग्रज सेनापती लेकने किल्ल्यावर चार वेळा हल्ले चढवले आणि चारही वेळा त्याला माघार घ्यावी लागली. तेव्हा त्या मातीवर सायकल चालवताना एक नमस्कार आपणही करायला हवा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने या पाणथळीला वेगळे रूप दिले. छोटे छोटे बांध घालून तिचे भाग पाडले, अजान बांधातून कालवा आणला, पाणी सोडायला आणि अडवायला दरवाजे बसवले. हेतू मात्र पक्षिप्रेमाचा नव्हता. व्हाइसरॉय आणि बडे पाहुणे यांना बदकांची शिकार घडवायची होती! त्या शिकारींचे आकडे दगडावर कोरून देवळाजवळ लावलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात लॉर्ड लिनलिथगो आणि त्यांच्या मंडळींनी ४,२७३ पक्षी मारले. ही पाटी वाचून मन सुन्न होते. पण शिकारीसाठी का होईना, ते पाणी राखले गेले म्हणूनच आज पक्षी आहेत, हेही नाकारता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर ही तळी कोरडी करून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी पुढे आली. ती टळली यात मोठा वाटा होता मुंबईकर डॉ. सालिम अली यांचा. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने त्यांनी इथे पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केला. १९७२ पर्यंत महाराजांचा शिकारीचा हक्क होता, तो संपला. १९८१ मध्ये रामसर यादीत नाव गेले, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा. कागदावर सगळे उत्तम झाले.

पण इथेच एक दुखरी गोष्ट घडली. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्पिढ्या या पाण्यात चरत आल्या होत्या. उद्यान होताच चराई बंद झाली. गावकरी चिडले आणि १९८२ च्या नोव्हेंबरात पोलिसांच्या गोळीबारात काही गावकऱ्यांचे प्राण गेले. पक्ष्यांच्या भल्यासाठी म्हणून ही बंदी होती आणि अनेक पक्षितज्ज्ञांचे मतही तेव्हा तसेच होते. पुढे याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दहा वर्षे अभ्यास केला, तेव्हा उलटेच दिसून आले. म्हशी पाण्यातले पास्पलम नावाचे गवत खात, तुडवत, म्हणून पाणी मोकळे राहत होते. म्हशी गेल्या आणि गवत माजून तळी झाकू लागली. ज्या म्हशींना शत्रू समजलो, त्या या जागेच्या राखणदार निघाल्या! चूक अभ्यासात मान्य झाली, हा प्रामाणिकपणा मोठाच. पण गेलेली माणसे त्याने परत येत नाहीत.

दुसरे दुःख सायबेरियन क्रौंचाचे. हा पांढराशुभ्र पक्षी सायबेरियातून अफगाणिस्तानावरून हजारो किलोमीटर उडत इथे येई. १९६० च्या दशकाच्या मध्यास सुमारे २०० क्रौंच येत. वाटेतल्या शिकारीने आणि हरवलेल्या पाणथळींनी संख्या घटत गेली. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरला सायबेरियन क्रौंच आला नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा. गंभीर नदीवर वर करौली जिल्ह्यात पाचना धरण झाले. २००४ च्या सुमारास दुष्काळात तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला. त्यांचीही शेते तहानलेली होती, त्यांना दोष तरी कसा द्यावा? घना कोरडा पडला, पक्षी निघून गेले. पुढे २०१२ मध्ये गोवर्धन नाल्यातून पाणी आणण्याची योजना पुरी झाली. चंबळचे पाणीही मिळू लागले. पण जुन्या नदीच्या पुराबरोबर माशांची पिल्ले वाहत येत, त्यावर चित्रबलाकांची पिल्ले पोसली जात. नळाच्या पाण्यातून ती येत नाहीत. पाणी नुसते असून भागत नाही, ते कुठून येते यालाही महत्त्व आहे.

तरी चित्र निराशेचेच आहे असे नाही. २००७ नंतर रान व्यापणारी विलायती बाभूळ उपटण्याचे काम गावकऱ्यांनीच केले आणि लाकूड त्यांना सरपणाला मिळाले. इथले सायकलरिक्षावालेही पाहण्यासारखे आहेत. त्यातले अनेक शीख. पक्षी ओळखण्याचे शिक्षण घेऊन वर्षानुवर्षे पाहुण्यांना दुर्बिणीतून घुबडाचे पिल्लू दाखवणारी ही माणसे म्हणजे घन्याचे चालतेबोलते ग्रंथालय. जिथे गावाला सोबत घेतले तिथे रान सावरले, एवढा धडा या ५ किलोमीटरांत मिळतो.

आपणही इथे बाहेरून आलेलीच माणसे. पोटापाण्यासाठी आलो, स्थानिकांनी सामावून घेतले, म्हणून या परमुलखात आपला गणपती बसतो. घन्यातल्या पाहुण्या पक्ष्यांचेही तसेच. पाणी आणि गाव दोन्ही सांभाळले, तरच ते पुन्हा येणार.

तेव्हा पुढच्या हिवाळ्यात पाहुणे आले, तर ताज झाल्यावर एक सकाळ भरतपूरला द्या. सायकल घ्या, घंटी मात्र वाजवू नका. केवलादेवाला हात जोडा, शिकारीची पाटी मुलांना वाचून दाखवा आणि ते पाणी कुणी अडवले, कुणी राखले हेही सांगा.

गणपती बाप्पा मोरया!