महाराष्ट्रातील विरोधी पक्षांच्या आघाड्या

महाराष्ट्रातील विरोधी पक्षांच्या आघाड्या म्हणजे राज्यात प्रबळ असलेल्या पक्षाविरुद्ध एकत्र येऊन पर्यायी सरकार स्थापन करण्यासाठी दोन किंवा अधिक पक्षांनी केलेल्या राजकीय तडजोडी होत. संयुक्त महाराष्ट्र समिती (१९५६), पुरोगामी लोकशाही दल (१९७८), शिवसेना–भाजप युती (१९८९) आणि महाविकास आघाडी (२०१९) या त्यांपैकी प्रमुख आहेत. विधानसभेत बहुमत जमवणे आणि त्या बहुमतामागे लोकमत उभे करणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. काही आघाड्यांनी आधी लोकमत संघटित केले व नंतर सत्ता मिळवली. काहींना सत्ता आधी मिळाली आणि जनाधार नंतर शोधावा लागला. या फरकाचा परिणाम त्यांच्या स्थैर्यावर व पुढील निवडणुकांवर झाला. मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा आणि त्यातील गोरेगाव (ता. सेनगाव) परिसरात या प्रक्रियेचे अनेक टप्पे दिसतात.

संकल्पना

महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य असून साध्या बहुमतासाठी १४५ सदस्यांचा पाठिंबा आवश्यक असतो. निवडणुकीपूर्वी जागावाटप करून एकत्र लढणाऱ्या पक्षांच्या समूहास निवडणूकपूर्व आघाडी, तर निकालानंतर एकत्र येणाऱ्या समूहास निवडणुकोत्तर आघाडी म्हणतात. निवडणूकपूर्व आघाडीत मतदाराला पर्यायी सरकारचे स्वरूप मतदानापूर्वीच ठाऊक असते. निवडणुकोत्तर आघाडीत परस्परांविरुद्ध मते मागितलेले पक्ष एकत्र येत असल्याने त्यांना आपल्या निर्णयाचे समर्थन मतदारांपुढे नंतर करावे लागते. या कामी साधारणपणे तीन साधने वापरली जातात: किमान समान कार्यक्रम, संयुक्त सभा व पदयात्रा, आणि मतविभागणी टाळणारे जागावाटप.

संयुक्त महाराष्ट्र समिती

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. प्रजा समाजवादी पक्ष, भारतीय कम्युनिस्ट पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे भिन्न विचारांचे पक्ष मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र या एकाच मागणीवर एकत्र आले. एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे व प्रल्हाद केशव अत्रे हे समितीचे प्रमुख नेते होते. अत्रे यांचे ‘मराठा’ हे दैनिक आणि अमर शेख, अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांची शाहिरी यांमुळे समितीचा प्रचार गिरणगावापासून खेड्यांपर्यंत पोहोचला.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची मोठी पीछेहाट झाली आणि मुंबई महानगरपालिकेत समितीची सत्ता आली. मात्र विदर्भ, मराठवाडा व गुजरातमधील जागांच्या बळावर द्वैभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेस सरकार कायम राहिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर समितीतील पक्षांना बांधून ठेवणारे सूत्र उरले नाही. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या.

पुरोगामी लोकशाही दल

आणीबाणीनंतर १९७७ मध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष व मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष यांनी जागांबाबत समझोता केला. राज्यातील ४८ पैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या. याच निवडणुकीत हिंगोली मतदारसंघातून जनता पक्षाचा उमेदवार विजयी झाला.

१९७८ च्या विधानसभा निवडणुकीत ९९ जागा मिळवून जनता पक्ष सर्वांत मोठा पक्ष ठरला, परंतु दोन्ही काँग्रेस पक्षांनी एकत्र येऊन वसंतदादा पाटील यांचे सरकार स्थापन केले. काही महिन्यांतच शरद पवार यांनी आपल्या समर्थक आमदारांसह त्या सरकारमधून बाहेर पडून जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष व इतरांच्या साहाय्याने पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार बनवले. १८ जुलै १९७८ रोजी ते वयाच्या ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. सरकार स्थापन होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले, जाळपोळ व हत्या झाल्या. नांदेड व परभणी जिल्ह्यांना त्याची मोठी झळ बसली. आजचा हिंगोली जिल्हा त्या वेळी परभणी जिल्ह्याचाच भाग होता. सभागृहात सर्व पक्षांचे एकमत असूनही तेच पक्ष आपल्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व मतदारांना त्या निर्णयासाठी तयार करू शकले नाहीत. ठरावाची अंमलबजावणी थांबली आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली.

याच सरकारच्या काळात, २६ जानेवारी १९७९ पासून, महाराष्ट्र रोजगार हमी कायदा अमलात आला. कायद्याची तयारी आधीच्या सरकारांच्या काळात झाली होती. मागेल त्याला काम देण्याच्या या तत्त्वाला दुष्काळी भागांत व्यापक पाठिंबा मिळाला. १७ फेब्रुवारी १९८० रोजी केंद्र सरकारने पुलोद सरकार बरखास्त केले. त्यानंतरच्या निवडणुकीत काँग्रेस (आय) ला १८६ जागा मिळाल्या. सत्ता गेल्यावर डिसेंबर १९८० मध्ये विरोधी पक्षांनी शेतमालाच्या भावासह इतर मागण्यांसाठी जळगाव ते नागपूर अशी शेतकरी दिंडी काढली.

शिवसेना–भाजप युती

१९८९ मध्ये झालेली शिवसेना–भाजप युती निवडणूकपूर्व होती. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत तिला ९४ जागा मिळाल्या. त्यानंतरच्या पाच वर्षांत बाळासाहेब ठाकरे यांच्या सभा, गोपीनाथ मुंडे यांची संघर्ष यात्रा आणि एक रुपयात झुणका-भाकर यांसारख्या आश्वासनांनी युतीने पर्यायी सरकारची प्रतिमा उभी केली. १९९५ मध्ये शिवसेनेला ७३ व भाजपला ६५ जागा मिळाल्या आणि अपक्षांच्या पाठिंब्यावर १४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. बहुमत अपुरे असूनही आधीपासूनच्या एकत्र प्रचारामुळे या सरकारच्या राजकीय वैधतेवर फारसे प्रश्नचिन्ह लागले नाही.

महाविकास आघाडी

२०१९ ची विधानसभा निवडणूक शिवसेनेने भाजपसोबत, तर काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध लढवली. निकालानंतर मुख्यमंत्रिपदाच्या वादातून युती तुटली. राष्ट्रपती राजवट आणि अल्पजीवी फडणवीस सरकार यांनंतर २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १६९ मते पडली.

आघाडीने किमान समान कार्यक्रम जाहीर केला. दोन लाख रुपयांपर्यंतची पीककर्जे माफ करणारी महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आणि दहा रुपयांत शिवभोजन थाळी हे तिचे सुरुवातीचे प्रमुख निर्णय होते. भाजपने या सरकारला जनादेशाशी केलेला विश्वासघात म्हटले, तर बहुसंख्य आमदारांचा पाठिंबा हाच घटनात्मक निकष असल्याचे आघाडीचे म्हणणे होते. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बंडानंतर ठाकरे यांनी राजीनामा दिला.

सत्ता गमावल्यावर तिन्ही पक्षांनी संयुक्त जनसंपर्कावर भर दिला. २ एप्रिल २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगर येथे पहिली ‘वज्रमूठ’ सभा झाली. त्यानंतर १६ एप्रिलला नागपूर व १ मे रोजी मुंबई येथे सभा झाल्या. पुढील नियोजित सभा स्थगित करण्यात आल्या आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्येही फूट पडली. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या. मराठवाड्यातील आठपैकी सात जागा तिला मिळाल्या.

हिंगोली जिल्हा आणि गोरेगाव परिसर

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली लोकसभा मतदारसंघात २००४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस, २००९ मध्ये शिवसेना आणि २०१४ मध्ये काँग्रेस विजयी झाली होती. पुढे महाविकास आघाडीत एकत्र आलेल्या तिन्ही पक्षांचा या जागेवर पूर्वापार दावा होता. त्यामुळे आघाडीची एकजूट येथे कार्यकर्त्यांच्या पातळीवर घडवणे आवश्यक होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत जोडो यात्रा नांदेडहून हिंगोली जिल्ह्यात आली. ११ नोव्हेंबर रोजी आदित्य ठाकरे राहुल गांधी यांच्यासोबत चालले. दीर्घकाळ परस्परविरोधी राहिलेल्या काँग्रेस व शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी एकाच यात्रेत सहभागी होणे हे या भागात नवे होते. २७ ऑगस्ट २०२३ रोजी उद्धव ठाकरे यांनी हिंगोली शहरात सभा घेतली.

या काळातील असंतोषाचे मूळ शेतीत होते. सोयाबीन हे जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोरेगाव परिसरातील काही शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडता येत नसल्याने आपले अवयव विकत घ्यावेत, अशी मागणी मुख्यमंत्र्यांकडे केली. सोयाबीनचा भाव आणि कर्जमाफी हे विषय त्यानंतरच्या दोन्ही निवडणुकांत केंद्रस्थानी होते. त्याच सुमारास तीव्र झालेल्या मराठा आरक्षण आंदोलनाचाही मतदानावर प्रभाव पडला.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आघाडीने हिंगोलीची जागा शिवसेनेला (उद्धव बाळासाहेब ठाकरे) दिली आणि नागेश पाटील आष्टीकर एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले. आघाडीशी बोलणी फिसकटलेल्या वंचित बहुजन आघाडीलाही येथे लक्षणीय मते मिळाली. सहा महिन्यांत चित्र बदलले. गोरेगाव ज्यात येते त्या हिंगोली विधानसभा मतदारसंघात २०१९ मध्ये काँग्रेसचे भाऊराव पाटील गोरेगावकर उमेदवार होते. २०२४ मध्ये ही जागा शिवसेनेच्या (उबाठा) वाट्याला गेली व रूपाली पाटील गोरेगावकर यांना उमेदवारी मिळाली. भाजपचे तानाजी मुटकुळे यांनी ही जागा राखली. राज्यभरात आघाडीला ४६ जागांवर समाधान मानावे लागले, तर महायुतीने २३० जागा जिंकल्या.

मूल्यमापन

या आघाड्यांच्या इतिहासातून काही समान बाबी दिसून येतात. विरोधाचे एकच सूत्र आघाडीला मते मिळवून देते, परंतु ते सूत्र संपल्यावर कार्यक्रम नसेल तर आघाडी विस्कळीत होते. संयुक्त महाराष्ट्र समितीबाबत असे घडले. नामांतराच्या प्रसंगी नेत्यांचे एकमत गावापर्यंत पोहोचले नाही आणि त्याची किंमत दलित समाजाला मोजावी लागली. रोजगार हमी वा कर्जमाफी यांसारखे, लाभ थेट हाती पडणारे निर्णय सरकारला ओळख देतात, मात्र सत्ताधारी पक्षही त्याच मार्गाने पाठिंबा मिळवू शकतो. २०२४ मध्ये महायुती सरकारने सुरू केलेली, महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’ याचे उदाहरण आहे. आघाडीने ३,००० रुपयांचे आश्वासन दिले, परंतु महायुतीचे हप्ते मतदानापूर्वीच खात्यांत जमा झाले होते.

हे सुद्धा पहा

संयुक्त महाराष्ट्र चळवळ
मराठवाडा विद्यापीठ नामांतर आंदोलन
हिंगोली लोकसभा मतदारसंघ
महाराष्ट्र विधानसभा निवडणूक, २०२४