जात्याची फेरी आणि शेलची फेरी



गंगाखेडात बोलायला उभं राहायचं आणि जनाबाईंचं नाव घ्यायचं नाही, हे परभणी जिल्ह्यातल्या माणसाला जमणार नाही. त्यांच्या दळणाला खुद्द विठ्ठल हात लावायचा, असं परंपरा सांगते. आज आपण त्या जात्याकडे थोडं वेगळ्या अंगानं पाहू. फेरी तीच असते, घास मात्र दर वेळी नवा. सुपातलं धान्य संपलं की दळण संपलं.

संगणकात 'शेल' नावाचा प्रोग्रॅम असतो. माणसानं हुकूम टाइप करायचा, शेलनं तो पार पाडायचा. या शेलमधला 'लूप' म्हणजे अशीच फेरी. 'फॉर' या शब्दापुढे घासाला एक नाव द्यायचं, 'इन'पुढे सुपातली यादी लिहायची, आणि 'डू' ते 'डन' यांच्यामध्ये करायचं काम.

ही सोय पहिल्यापासून नव्हती. 1971 साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी लिहिलेल्या शेलला लूप ठाऊकच नव्हता. 'गोटू' नावाचा एक वेगळा छोटा प्रोग्रॅम होता. तो हुकमांच्या फाइलमध्ये खुणेची ओळ शोधायचा आणि शेलला तिथून पुढे वाचायला लावायचा. पोथी वाचणाऱ्याचं बोट उचलून कुणी मागच्या ओवीवर ठेवावं, तसं. काम व्हायचं, पण फेरी कुठं सुरू झाली नि कुठं संपली, हे वाचणाऱ्याला चटकन उमगायचं नाही.

मग 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यात 'फॉर' आणि 'व्हाइल' हे लूप शेलच्या भाषेतच होते. बोर्न यांनी आधी केंब्रिजला अल्गोल 68 या भाषेवर काम केलेलं. त्या भाषेत सुरुवातीचा शब्द उलटा लिहिला की तो भाग संपतो: 'इफ'ला 'फि', 'केस'ला 'एसॅक', 'डू'ला 'ओडी'. पहिल्या दोन जोड्या बोर्न यांनी जशाच्या तशा घेतल्या. तिसरी घेता येईना, कारण युनिक्समध्ये 'ओडी' नावाचा प्रोग्रॅम आधीच होता. फाइलमधला मजकूर अष्टमान आकड्यांत दाखवणारा. म्हणून 'डन' आलं. 1989 मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेल्या 'बॅश'नंही तेच शब्द ठेवले, आणि आजही तेच चालतात.

आता आमची एक चूक सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही गोदाकाठच्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या. चाळीस फाइली झाल्या. सगळ्यांची नावं एका पद्धतीची करावीत म्हणून लूप लिहिला, आणि नव्या नावात घासाचं नाव घालायलाच विसरलो! प्रत्येक फाइलला एकच नाव मिळालं आणि प्रत्येकीनं आधीचीला पुसलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत एक फाइल उरली, शेवटच्या बाईची. दुसरी प्रत ठेवली नव्हती. पुन्हा गावोगाव गेलो. काही बाया भेटल्या, काही आता नव्हत्या.

हातानं नावं बदलली असती, तर दुसऱ्याच फाइलला आमच्या लक्षात आलं असतं. दळणाऱ्या बाईला घासात खडा आला की जात्याचा आवाज वेगळा लागतो, तिचा हात थांबतो. लूपला खडा कळत नाही. त्यानं आपले कष्ट वाचवले, आणि त्या कष्टांसोबत असलेली जागही गेली. ती जाग आपल्याला आधीच दाखवावी लागते.

म्हणून तरुण मित्रांना एवढंच सांगणं. आधी प्रत काढा. पहिल्यांदा हुकमापुढे 'इको' लावून फेरी फिरवा, म्हणजे काम न होता काय होणार ते नुसतं दिसेल. नाव बदलणाऱ्या 'एमव्ही'ला 'आय'चा पर्याय द्या, म्हणजे पुसण्याआधी तो विचारील. आणि घासाच्या नावाला दुहेरी अवतरणचिन्हं घाला. नाहीतर नावात मोकळी जागा असलेल्या फाइलचे शेल दोन तुकडे करील.

उरलेली ती एक ओवी सोबत आणली आहे. ती ऐकू, आणि मग प्रश्न घेऊ.