पत्त्याची गोष्ट

मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. संगणकाशी माझा संबंध मजकूर टाइप करण्यापुरता. माझा भाचा मात्र प्रोग्रॅमर आहे. एकदा तो दोन रात्री जागून आला. त्याच्या यंत्रावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसरच्या यंत्रावर कोसळत होता. मी विचारले, ‘‘चूक काय होती?’’ तो म्हणाला, ‘‘आपल्या यंत्रावर खरं ते सगळीकडे खरं धरलं, मामू.’’ या वाक्यामागचा इतिहास मी त्याच्याकडून समजून घेतला. तोच आज सांगतो.

संगणकाच्या मुळाशी ‘कर्नल’ नावाचा कारभारी असतो. ‘वाच’ म्हटले की डिस्कसाठी एक काम करावे लागते, कीबोर्डसाठी दुसरे. म्हणून तो एक तक्ता ठेवतो. तक्त्यात प्रत्यक्ष काम नसते, ते काम जिथे लिहिले आहे तिथला पत्ता असतो. या पत्त्याला ‘फंक्शन पॉइंटर’ म्हणतात.

1969 मध्ये बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स लिहायला घेतले, ते एका विशिष्ट यंत्राच्या बोलीत. 1973 मध्ये थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी त्याचा कर्नल सी भाषेत नव्याने लिहिला. आता यंत्र बदलले तरी बराचसा मजकूर तोच राहणार होता. त्या यंत्राच्या बोलीत तो उतरवण्याचे काम कंपायलरचे. पण जुन्या सवयी आड आल्या. पीडीपी-11 या यंत्रावर साधा पूर्णांक 16 बिटांचा आणि पत्ताही 16 बिटांचा. त्यामुळे पत्ता आकड्याच्या डब्यात ठेवला तरी काही बिघडत नसे.

1991 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स जाहीर केले, तेव्हा ते इंटेलच्या 386 प्रोसेसरपुरते होते. ते दुसरीकडे नेण्याजोगे नाही, असे त्यांनीच लिहिले होते. चारच वर्षांत, 1995 मध्ये, ते अल्फा प्रोसेसरवरही चालू लागले. तिथे पूर्णांक 32 बिटांचा, तर पत्ता 64 बिटांचा. पत्ता पूर्णांकाच्या डब्यात कोंबला की त्याचा अर्धा भाग कापला जाई.

2001 मध्ये इंटेलचा इटॅनियम बाजारात आला आणि आणखी एक गृहीतक ढासळले. इथला फंक्शन पॉइंटर थेट कामाच्या दारात नेत नाही. तो एका चिठ्ठीपाशी नेतो. चिठ्ठीत दोन नोंदी: काम कुठे सुरू होते आणि त्याला लागणारी सामग्री कुठे आहे. काम बोलावताना कंपायलर ही चिठ्ठी आपणहून वाचतो, प्रोग्रॅमरला काही कळावेही लागत नाही. पण कर्नल अडखळला आणि कोणत्या कामाचे नाव छापायचे हे शोधू लागला, की चिठ्ठीचा पत्ता आणि कामाचा पत्ता यांत फरक करावा लागे. म्हणून लिनक्सने छपाईसाठी दोन वेगळ्या खुणा ठेवल्या. घरच्या साध्या पीसीवर दोन्ही खुणांचे उत्तर एकच येई. त्यामुळे चुकीची खूण वापरली तरी तिथे कुणाला पत्ता लागत नसे.

मला हे फार ओळखीचे वाटले. माझे नाव ऐकून अनेकजण माझी भाषा ठरवून टाकतात आणि मग ‘मराठी छान बोलता हं!’ म्हणून कौतुक करतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. त्यांच्या गल्लीत नाव आणि भाषा यांची जोडी नेहमी जुळलेली असते, एवढेच.

इटॅनियमची शेवटची खेप 2021 मध्ये रवाना झाली आणि जानेवारी 2024 मध्ये आलेल्या लिनक्स 6.7 मधून त्याचा आधारही काढला गेला. भाच्याला म्हटले, ‘‘मग आता चिठ्ठीची काळजी संपली?’’ तो हसला. ‘‘नाही मामू. पुढचं यंत्र कसं असेल, कोणाला ठाऊक? पत्ता दिलाय तो हाक मारायला. त्याच्या पोटात काय आहे, ते आपण ठरवायचं नाही.’’