आवाज खाणाऱ्या गाद्या

हार्वर्ड विद्यापीठाचं फॉग आर्ट म्युझियम १८९५ साली उघडलं आणि लक्षात आलं, की तिथल्या लेक्चर हॉलमध्ये बोललेलं कळतच नाही! तोंडातून निघालेला शब्द साधारण साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्यात वक्ता पुढचं अख्खं वाक्य बोलून मोकळा. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे लोढणं वॉलेस सबीन नावाच्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात बांधलं.

सबीनने काय केलं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर! यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: घुमण्याचा वेळ = ०.१६ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण (सगळं मीटरमध्ये). शोषणाचं त्याचं माप तर झकासच, 'उघडी खिडकी'. बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ती शंभर टक्के शोषक. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच गणिताच्या आधाराने बांधला गेला.

गादी आवाज खाते म्हणजे काय, तर तंतूंच्या फटीतली हवा थरथरते, तंतूंना घासते आणि आवाजाची किंचित उष्णता होते. त्याच वजनात तंतू जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि घर्षणही जास्त.

बारीक तंतूंच्या या वाटेवरच एक काळा अध्याय आहे. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉस फवारायची पद्धत निघाली. उष्णता आणि आवाज दोन्ही रोखायला इमारतींत, रेल्वेच्या डब्यांत ते मारलं गेलं. आवाजाच्या परीक्षेत पास! पण तेच बारीक तंतू कामगारांच्या फुप्फुसात रुतले आणि कॅन्सर घेऊन आले. ब्रिटनमधला त्याचा उरलासुरला वापर बंद व्हायला १९९९ उजाडलं.

आता प्लास्टिककडे येऊ. १९४१ मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी पीईटी बनवलं ते कापडासाठी. बाटलीचं पेटंट नॅथॅनिएल वायथला मिळालं ते १९७३ मध्ये. गंमत म्हणजे बाटली वितळवून पुन्हा धागा करणं म्हणजे पीईटीची घरवापसीच! कित्येक ऑफिसांतली भिंतीवरची रंगीत फेल्टची पॅनेल्स अशाच धाग्यांची असतात.

पण कमी फ्रिक्वेन्सीला ती हात टेकतात. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब. ती नीट शोषायला पाव लहर, म्हणजे ८५ सेंटिमीटर जाडी हवी. एवढी जागा कुठल्या फ्लॅटमध्ये आहे? इथे नॅनोतंतू कामी येतात. विजेच्या दाबाने द्रावणातून तंतू ओढण्याचं फॉर्महाल्सचं पेटंट १९३४ चं. अशा तंतूंचा पातळ पडदा जाड थरावर बसवला, की तो स्वतःच थरथरतो आणि कमी जाडीतही खालचे सूर पकडतो.

पीईटी म्हणजे अॅस्बेस्टॉस नव्हे, हे खरंच. पण सबीनच्या सूत्रात फुप्फुसाला जागा नाही. त्यामुळे 'रिसायकल्ड' शिक्का बघून खूश होण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: तंतू झडतात का? आग लागली तर काय? आणि पॅनेल जुनं झाल्यावर त्याचं पुन्हा काही होतं, की थेट कचराडेपो?

नाहीतर खिडकी आहेच. फक्त आपल्या शहरांत ती उघडली की आवाज बाहेर जात नाही, आत येतो!