तीन थर, बोरिवली ते मुलुंड

जुलैतला शनिवार. मुलुंडच्या हॉलमध्ये रात्री साडेआठला पहिल्या वाढदिवसाचा केक कापायचाय. तीन थर, 12, 9 आणि 6 इंचांचे, एगलेस, वरून फॉन्डंट, म्हणजे साखरेचं लवचीक आवरण. बेकर बोरिवलीची, स्वयंपाकघर घरचंच. हा कुणा एकीच्या केकचा पंचनामा नाही. पावसाळ्यात उपनगरांत असे केक ज्या क्रमाने कोसळतात, तो क्रम आहे.

शुक्रवार, रात्री 9. स्पंज गार झालेत. मुंबईच्या हवेत 3 भाग डार्क चॉकलेट आणि 1 भाग क्रीम असं घट्ट गनाशच टिकतं, आणि तेच ठरलेलं होतं. तेवढ्यात फोन येतो. "ताई, आत क्रीम आणि अननसच घाला हं, आजींना चॉकलेट चालत नाही." आगाऊ रक्कम सामानात गेलेली, नाही म्हणायची सोय नाही. आत व्हिप क्रीम जातं, बाहेरून गनाशचा पातळ हात. माझ्या मते केक इथेच पडला. बाकीचे तेवीस तास ते दिसायला लागले.

रात्री 11.30. खालच्या थराचा व्यास 12 इंच, दोन्ही बाजूंची उंची 5-5 इंच, म्हणजे फॉन्डंटची निदान 22 इंचांची पोळी लाटायची, जाडी 3-4 मिलिमीटर. ती दोन्ही हातांवर तोलून केकवर सोडायची, आधी वरचा काठ बसवायचा, मग झालरीसारख्या पडलेल्या घड्या एकेक उघडत खाली यायचं. ओढलं तर काठावर फाटतं. रेंगाळलं तर सुकून भेगा पडतात. तिन्ही थर गुळगुळीत उतरतात. या कामात किती नजर आणि किती मनगट लागतं, हे हॉलमधल्या पाहुण्यांना कधी कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पहाटे 1. आत क्रीम आहे, म्हणून फ्रिज.

सकाळी 10. सजावटीची फॉन्डंटची फुलं पंख्याखाली ठेवूनही मऊच आहेत. पुण्याच्या केक-कलाकार प्राची धबल देब यांनी 100 किलोंची शिल्पकृती उभारली ती रॉयल आयसिंगमध्ये. ते वाळून कडक होतं. फॉन्डंट लवचीक राहावं म्हणूनच त्यात ग्लुकोज आणि ग्लिसरीन असतं, आणि दमट हवेत ते ओल धरतं.

दुपारी 3. हॉल सातनंतरच मिळणार, तिथे थर रचायला वेळ नाही. घरीच रचायचं ठरतं. प्रत्येक थराखाली बोर्ड, खालच्या दोन थरांत आधाराला जाड स्ट्रॉ. मधून आरपार काठी घालायची, तर बोर्डांना भोकंच पाडलेली नाहीत. आता वरचे दोन थर फक्त स्ट्रॉवर उभे आहेत, आणि स्ट्रॉ क्रीममध्ये.

4.30. फ्रिजमधून थेट डिकीत. केक 5 अंशांवर, हवा 29 अंशांची, पावसाने जड. जिन्यातच फॉन्डंटला घाम फुटतो. बोरिवली आणि मुलुंड एकाच राष्ट्रीय उद्यानाच्या दोन कडांना आहेत, पण गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे अजून पूर्ण झालेले नाहीत. म्हणून हायवेने जोगेश्वरी, तिथून पवईमार्गे वळसा.

6.15. पवईच्या अलीकडे खड्डा, मग करकचून ब्रेक. मधला थर बोटभर सरकतो. मागे बसलेला भाचा म्हणतो, "मावशी, वाकडा झालाय गं."

7.20. हॉलचा एसी अजून लागायचाय. क्रीम सैल पडून पाणी सोडतंय, मधल्या थराच्या पोटाला फुगवटा आलाय. ती स्मूदरने तो दाबते, त्यावर रिबीन बांधते. दुसरं काही हातात उरलेलं नाही.

8.10. आत स्ट्रॉ कलंडतात. वरचे दोन थर आपापल्या बोर्डांसकट एका बाजूला झुकतात आणि टेबलाच्या कडेवरून खाली जातात.

8.30. ओरखडे उठलेल्या खालच्या थरावर मेणबत्ती लागते, फोटो निघतात. उरलेल्या रकमेचं बोलणं पार्किंगमध्ये होतं आणि निम्म्यावर मिटतं. आतलं क्रीम ऐनवेळी कुणी बदलायला लावलं, हा विषय त्यात निघत नाही.