तार

औंधच्या इतिहासावर कोणी लिहावयास बसला की त्याची लेखणी ठरलेल्या वाटेने चालू लागते. यमाईचा डोंगर, डोंगरावरचे संग्रहालय, बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार, 1939 साली प्रजेच्या हाती दिलेला कारभार आणि 1948 सालचे विलीनीकरण. या साऱ्यांचे कागद आहेत, म्हणून त्यांचा इतिहास आहे. मला ज्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे तिचा कागद कोणी केला नाही. ती गोष्ट म्हणजे गुऱ्हाळावरची तार.

औंध गाव कोरडे. पण संस्थानचा मुलूख सलग नव्हता. त्यातला कुंडलचा तुकडा, जो आज सांगली जिल्ह्यात आहे, कृष्णेच्या अंगाचा आणि उसाचा. तेथेच 1910 साली पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळाची जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. नांगरापाठोपाठ त्या कारखान्यातून उसाचे चरकही निघू लागले. चरकाचा इतिहास म्हणूनच लिहिता येतो. चरकातून रस निघाल्यावर पुढे जे होई ते मात्र गुळव्याच्या दोन बोटांत होते, आणि बोटांची दप्तरे नसतात.

दिवाळी सरली की गुऱ्हाळे पेटतात. लहानपणी आम्ही पोरे चुलवणाच्या उबेला जाऊन बसत असू. गुळव्या प्रथम भेंडीची झाडे ठेचून पाण्यात कोळी आणि ते बुळबुळीत पाणी तापत्या रसात ओती. रसातली घाण त्या बुळबुळीत अडकून मळी होऊन वर येई, ती तो काढून टाकी. पुढे रस आटून पाक झाला की थेंबभर पाक अंगठा आणि तर्जनी यांत धरून तो बोटे हलकेच फाकवी.

"तात्या, झाला का?"

"थांब की रं. तार अजून तुटतीया."

गुळव्याच्या हाताखाली अशा दोन तारा असत, पाकाची आणि भेंडीची. आणि त्या एका जातीच्या नव्हेत हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. नळाच्या बारीक धारेचे खाली थेंब होतात. पाकाची तार घट्टपणामुळे सावकाश बारीक होत लांबते आणि मग तुटते. भेंडीची तार निराळी. ती उजेडाकडे धरून पाहावी. तिच्यावर बारीक मणी उमटतात आणि मण्यामण्यांत केसाहून बारीक धागा टिकून राहतो. आपल्या लाळेचेही असेच होते, पण दिवाळी अंकात भेंडीच बरी.

यामागचे कोडे युरोपात उलगडत गेले. धारेचे थेंब कसे होतात हे 1833 साली फ्रान्समध्ये सावार याने बारकाईने पाहिले. बेल्जियमच्या प्लातो याने आपला मोठा ग्रंथ 1873 साली प्रसिद्ध केला. तोवर त्याची दृष्टी जाऊन कित्येक वर्षे झाली होती. प्रयोग दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहून त्याने नियम सांगितला की, द्रवाची दांडी आपल्या परिघाहून लांब झाली की तिला तसे राहवत नाही. पृष्ठभाग आक्रसू पाहतो आणि जरा बारीक झालेली जागा अधिकच बारीक होते. पुढे 1878 च्या सुमारास लॉर्ड रॅले याने, पाण्यासारख्या द्रवाच्या धारेत थेंबाथेंबांतले अंतर धारेच्या जाडीच्या साडेचार पट पडावे, असा हिशेब मांडला. 1890 च्या सुमारास लंडनमध्ये बॉइज याने मुलांपुढे व्याख्याने देताना सांगितले की, कोळ्याच्या जाळ्यावरचे चिकट मणी कोळी एकेक करून बसवीत नाही. तो धाग्याला ओला चिकटा लावतो, मणी आपोआप होतात.

भेंडीचा धागा मात्र या हिशेबात बसत नव्हता. प्लातोच्या नियमाने मणी होतात खरे, पण मधला धागा लगेच का तुटत नाही? भेंडीच्या बुळबुळीत लांबच लांब साखळ्यांसारखे रेणू असतात. एरवी ते गुंतवळासारखे पडलेले असतात. धागा ताणला की ते उलगडून सरळ होतात आणि रबरासारखे मागे ओढतात. म्हणून धागा तुटण्याऐवजी बारीक होत जातो. अशा द्रवांच्या मण्यांचा नीट अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. अशा लांब रेणूंच्या द्रवांवर आपल्याकडेही काम झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे नाव त्यात मोठे आहे.

गुळव्याला हे ठाऊक नव्हते, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते अर्धेच खरे वाटते. मळी धरायला भेंडी आणि गुळाची घडी ओळखायला पाक, ही निवड त्याने चुकविली नाही. भेंडीच्या तारेवरून त्याने कधी गूळ पारखला नाही. का, ते त्याला सांगता आले नसते. पण विचारले कोणी? आमच्या शाळांनी तर नाहीच. मीही पुष्कळ वर्षे मुलांना रॅलेचे नाव सांगितले आणि गुऱ्हाळ दाखविले नाही.

आमच्या चुलत्यांची एक काहील माझ्या डोळ्यांदेखत फसली. गुळव्या आजारी होता. घाई झाली म्हणून दुसऱ्याच कोणी तार पाहिली आणि काहील थोडी आधी उतरविली. वाफ्यात ओतलेला गूळ रात्रभर बसला नाही. सकाळी चुलत्यांनी त्यात बोट घातले, वर उचलले, आणि बोटापासून वाफ्यापर्यंत आलेली लांब तार ती तुटेपर्यंत पाहत उभे राहिले. मग त्यांनी घरातले सारे डबे मागविले. त्या वर्षी आमच्याकडे ढेपा विकल्या गेल्या नाहीत. चैत्रापर्यंत आम्ही भाकरीबरोबर काकवीच खाल्ली.