पुण्याजवळचं नाक, लंडनची वाहवा

नाकाच्या सर्जरीचा विषय निघाला की आपल्याला सिनेमातले चेहरे आठवतात. पण आजची गोष्ट पुण्याजवळची आहे.

कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकायचा. १७९२ साली टिपूच्या माणसांनी त्याला पकडलं; नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं.

कसं? आधी मेणाचं नाक बसवून बघायचं. तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं, कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन डोळ्यांमधली पट्टी मात्र तोडायची नाही, कारण रक्त तिथूनच मिळतं. चिकटवायला काथ! साधारण २५ दिवसांनी पट्टी कापायची.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे छापून आलं. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये एका इंग्रजाचं नाक याच पद्धतीने केलं. चेहरा सावळा असो की गोरा, युक्ती तीच. कपाळाची कातडी आजही वापरतात.

कावसजीचं नाव राहिलं, कार्प्यूचंही राहिलं. ज्याच्या हातात कला होती, त्याची फक्त जात लिहिली गेली.